ध्रुवपिंडांचा इतिहास: अर्धगुणसूत्री विभाजनाचा शेवट कसा उलगडला

मागच्या व्याख्यानात आपण वाल्टर फ्लेमिंग यांच्यापाशी थांबलो होतो. सॅलमँडरच्या पेशी रंगवून, पेशी विभागताना तिच्यातले धागे उभे चिरले जातात हे त्यांनी १८८२ च्या ग्रंथात दाखवलं, तिथपर्यंत गोष्ट आली होती. या धाग्यांना ‘क्रोमोसोम’ हे नाव १८८८ मध्ये वाल्डेयर यांनी दिलं. आपण त्यांना गुणसूत्रं म्हणतो. आज याच गोष्टीचा पुढचा भाग पाहायचा आहे: अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे मायॉसिस. आणि त्यातलाही शेवटचा तुकडा, दुसरं विभाजन.

हा तुकडाच का निवडला, ते आधी सांगतो. आपण सगळ्यांनी शाळा-कॉलेजात मायॉसिस शिकलेलं आहे. त्यात पहिली पूर्वावस्था भली मोठी असते. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस ही नावं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेली असतात. मग मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आणि त्यानंतर पुस्तकात एक ओळ येते, की दुसरं विभाजन हे साध्या सूत्री विभाजनासारखंच असतं. झालं, पान उलटायचं. आम्हीही वर्गात शिकवताना वर्षानुवर्षं हेच करत आलो. तास संपत आलेला असायचा, फळ्यावर जागा उरलेली नसायची, आणि दुसरं विभाजन म्हणजे ‘वरीलप्रमाणे’.

पण जरा थांबून विचार केला तर प्रश्न पडतो. अंडपेशी आणि शुक्राणू बनवताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करायची एवढाच हेतू असेल, तर एकदा विभागून काम भागलं असतं. शेहेचाळीस आहेत, तेवीस इकडे, तेवीस तिकडे. पण पेशी तसं करत नाही. ती आधी सगळं दुप्पट करते आणि मग दोनदा विभागते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हा प्रश्न छळत होता आणि त्याचं नीट उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

घडतं काय, ते आधी थोडक्यात उजळून घेऊ. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. मूळ आणि प्रत एकमेकांना चिकटून राहतात, त्यांना क्रोमॅटिड म्हणतात. पहिल्या विभाजनात आईकडून आलेलं गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेलं त्याच्या जोडीचं गुणसूत्र एकमेकांपासून दूर जातात. क्रोमॅटिड मात्र अजून चिकटलेलेच असतात. मग बहुधा फार विश्रांती न घेता, आणि पुन्हा प्रत न काढता, पेशी दुसऱ्यांदा विभागते. गुणसूत्रं मध्यावर रांगेत येतात, तर्कुतंतू दोन्ही बाजूंनी ताणतात, आणि या वेळी क्रोमॅटिड वेगळे होऊन दोन ध्रुवांकडे जातात. तिथे त्यांच्याभोवती केंद्रकाचं आवरण तयार होतं, पेशीद्रव्य विभागलं जातं, आणि एका पेशीच्या चार पेशी होतात. प्रत्येकीत निम्मी गुणसूत्रं आणि प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत.

हे आज आपण चार वाक्यांत सांगतो. आता ज्यांच्यासमोर यातलं काहीच नव्हतं, फक्त सूक्ष्मदर्शक होता, त्यांच्याकडे जाऊ.

गोगलगायींची अंडी पाहणाऱ्यांना १८२० च्या दशकापासून एक विचित्र गोष्ट दिसत होती. अंड्याच्या एका टोकाला दोन बारीक थेंब बाहेर पडतात, तिथेच चिकटून राहतात आणि पुढे विरून जातात. अंड्याला पहिली चीर त्याच जागेपासून पडते, म्हणून जर्मन अभ्यासकांनी त्यांना ‘दिशादर्शक’ थेंब म्हटलं. फ्रेंच लोकांनी ध्रुवावरचे गोळे म्हटलं, आणि त्यातूनच पोलर बॉडी हे नाव रुळलं. आपण ध्रुवपिंड म्हणू. बहुतेकांना वाटत होतं, की हा अंड्यातला कचरा आहे. अंडं पिकताना जादा झालेला माल बाहेर टाकला जातो, एवढंच.

या थेंबांचं कोडं सुटायला एवढा वेळ लागला, याला एक कारण आहे आणि ते या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. प्रत्येक प्राण्याचं अंडं वेगळ्या टप्प्यावर थांबून शुक्राणूची वाट पाहतं. सी-अर्चिन नावाचा काटेरी समुद्रजीव घ्या. त्याचं अंडं समुद्रात सोडलं जातं तेव्हा दोन्ही विभाजनं मादीच्या शरीरातच उरकलेली असतात. जंताच्या अंड्यात शुक्राणू आधी शिरतो आणि दोन्ही विभाजनं मग होतात. बेडकाचं अंडं दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर थांबून राहतं, आणि माणसाचंही तसंच. त्यामुळे ऑस्कर हर्टविग यांनी १८७५ मध्ये भूमध्य समुद्राकाठी सी-अर्चिनच्या अंड्यात अंडकेंद्रक आणि शुक्राणूचं केंद्रक एकत्र येताना पाहिलं, तेव्हा त्यांना ध्रुवपिंड दिसलेच नाहीत. दिसणार कसे? नाटक संपल्यावर ते नाट्यगृहात शिरले होते. केंद्रकांचं मीलन हे त्यांचं निरीक्षण युगप्रवर्तक होतं, पण अंड्याचं ते केंद्रक आलं कुठून याबद्दल त्यांनी केलेला अंदाज चुकला. पुढे जळवा आणि इतर प्राण्यांची अंडी पाहून त्यांनी तो स्वतःच सुधारला. दरम्यान बुट्श्ली यांनी दाखवून दिलं होतं, की ध्रुवपिंड गळून पडत नाहीत, ते पेशीविभाजनातून निर्माण होतात. म्हणजे कचरा म्हणून ज्याकडे पाहत होतो ती चक्क पेशी निघाली, अंड्याची सख्खी बहीण.

आता प्रवेश होतो एका जंताचा. घोड्याच्या आतड्यात राहणारा हा मोठा गोल कृमी, त्या काळचं नाव आस्कारिस मेगॅलोसेफाला. युरोपात घोडे मुबलक आणि खाटीकखान्यात हा जंत सहज मिळायचा. पण त्याचं खरं वैभव वेगळंच होतं. त्याच्या अंड्यात गुणसूत्रं मोजून चार! एका जातीत तर फक्त दोन. आणि मादीच्या नळीसारख्या जननमार्गात अंडी वयानुसार ओळीनं लागलेली, त्यामुळे नळी उलगडत गेलं की विभाजनाचे टप्पे क्रमानं समोर येतात. निसर्गानं जणू धड्याच्या आकृत्या काढून ठेवल्या होत्या.

बेल्जियममधल्या लिएज इथे एदुआर व्हान बेनेडेन यांनी या जंतावर काम केलं आणि १८८३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अंड्याच्या केंद्रकातून दोन गुणसूत्रं येतात, शुक्राणूच्या केंद्रकातून दोन येतात, मिळून चार होतात. आईचा आणि वडिलांचा वाटा अगदी बरोबरीचा. आनुवंशिकतेच्या इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे. मूल म्हणजे बापाचं बीज आणि आई म्हणजे नुसतं शेत, ही कल्पना आपल्याकडे जशी होती तशी युरोपातही वेगवेगळ्या रूपांत होती. तिला इथे साध्या मोजणीनं उत्तर मिळालं.

पण अंड्यात चाराऐवजी दोनच कशी उरली? इथे व्हान बेनेडेन यांचा पाय घसरला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक पेशी मुळात उभयलिंगी असते. अंडं पिकताना त्यातला ‘पुरुष’ भाग ध्रुवपिंडांच्या रूपानं बाहेर टाकला जातो, आणि ती रिकामी जागा भरायला शुक्राणू येतो. ध्रुवपिंड तयार होताना होणारं विभाजन हे खरं विभाजनच नाही, असाही त्यांचा आग्रह होता. एवढा बारकाईनं पाहणारा माणूस, पण डोक्यात सिद्धान्त आधी बसला आणि डोळ्यांना तो दिसू लागला. आम्ही हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. व्हान बेनेडेन यांची चित्रं आजही पाहावीत अशी आहेत.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे आउगुस्ट वाइसमान. हे जर्मनीत फ्रायबुर्गला प्राध्यापक होते. १८६० च्या दशकातच त्यांची दृष्टी बिघडली, सूक्ष्मदर्शकाचं काम अधूनमधून पार बंद पडायचं, आणि घरातली माणसं त्यांना वाचून दाखवत. त्यांनी डोळ्यांऐवजी विचारानं हा प्रश्न सोडवायला घेतला. त्यांचा युक्तिवाद सोपा होता. दर पिढीत आई आणि वडील या दोघांचं आनुवंशिक द्रव्य एकत्र येतं. ते कुठे निम्मं झालं नाही तर पिढ्यान्‌पिढ्या दुप्पट होत जाईल. दहा पिढ्यांत हजारपट. हे अशक्य आहे. म्हणून एक असं विभाजन असलंच पाहिजे ज्यात आनुवंशिक द्रव्य निम्मं होतं. १८८७ च्या निबंधात त्यांनी लिहिलं, की ते विभाजन म्हणजे दुसरा ध्रुवपिंड बाहेर पडण्याची क्रिया. आणि शुक्राणू बनतानाही असंच काहीतरी घडत असणार, कुणीतरी ते शोधून काढावं.

याला आधार काय? वाइसमान यांच्याकडे तेव्हा जपानहून चियोमात्सु इशिकावा हे तरुण संशोधक आलेले होते. दोघांनी मिळून डॅफ्नियासारख्या पाण्यातल्या बारीक प्राण्यांची, नराशिवाय वाढणारी अंडी तपासली. त्या अंड्यांतून एकच ध्रुवपिंड बाहेर पडतो! ज्या अंड्यात शुक्राणू येणार नाही त्याला निम्मं होण्याची गरज नाही, म्हणून दुसरं विभाजन होत नाही. किती सुंदर जुळलं. पण दोनच वर्षांत ब्लॉखमान यांनी मधमाशीची अंडी पाहिली. मधमाशीचे नर फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात, आणि त्या अंड्यांतून ध्रुवपिंड मात्र दोन बाहेर पडतात. वाइसमान यांच्या नियमाला तडा गेला. नर माशी आयुष्यभर निम्म्याच गुणसूत्रांवर जगते हे कळल्यावर या विसंगतीचा उलगडा झाला. आणखी एक चूक अशी, की पहिल्या ध्रुवपिंडाला त्यांनी काहीतरी वेगळंच काम दिलं होतं. निष्कर्षाचा गाभा खरा आणि तपशील चुकलेला, असं विज्ञानात बऱ्याचदा होतं. तरीही, गरज आहे म्हणजे ते असलंच पाहिजे, असं म्हणून केलेल्या भाकितांत हे भाकीत आम्हाला फार वरचं वाटतं.

आता पुरावा हवा होता. म्युनिकमध्ये थिओडोर बोव्हेरी यांनी त्याच घोड्याच्या जंतावर काम करून दाखवलं, की ध्रुवपिंड तयार होताना तर्कुतंतू असतात, गुणसूत्रं विभागली जातात, सगळं रीतसर होतं. ते खरं विभाजनच आहे. पण अंतिम तुकडा बसवला तो पुन्हा ऑस्कर हर्टविग यांनी, १८९० मध्ये. आता ते बर्लिनला होते. त्यांनी एक साधी गोष्ट केली जी तोवर नीट कुणी केली नव्हती. जंताच्या नराचं वृषण आणि मादीचं अंडाशय शेजारी शेजारी ठेवून टप्प्याला टप्पा ताडून पाहिला.

हे आकडे कागदावर लिहून पाहा, म्हणजे पक्के बसतील. जंताच्या पेशीत चार गुणसूत्रं. विभाजनाआधी त्यांची प्रत निघते, म्हणजे धागे झाले आठ. ते चारचारच्या दोन जुड्यांत बांधलेले दिसतात. पहिल्या विभाजनात आठाचे चार. मग मध्ये विश्रांती नाही, पुन्हा प्रत नाही, लगेच दुसरं विभाजन, चाराचे दोन. नरात हे घडलं की चार सारख्या पेशी होतात आणि चारही शुक्राणू बनतात. मादीतही नेमकं हेच घडतं, पण वाटणी विषम असते. पहिल्या विभाजनात जवळजवळ सगळं पेशीद्रव्य एकीकडे राहतं आणि एक थेंब बाहेर पडतो. दुसऱ्यातही तेच. कधी कधी पहिला थेंब स्वतःही पुन्हा विभागतो. म्हणजे एक अंडं आणि तीन ध्रुवपिंड, बेरीज चार. तो ‘कचरा’ म्हणजे अंडं होता होता राहिलेल्या तीन बहिणी होत्या. वाटणी अशी विषम असल्यामुळे अंड्याला आपला सगळा शिधा एकट्याकडे ठेवता येतो, कारण पुढे गर्भाला सुरुवातीचे दिवस त्यावरच काढायचे असतात. बहुतेक फुलझाडांतही हीच गोष्ट दिसते. परागाच्या बाजूला चारही टिकतात, बीजांडात चारांतली तीन मरून जातात.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण शास्त्रज्ञांचं भांडण इथूनच पेटलं. दोन विभाजनं आहेत हे ठरलं, मग त्यांतलं ‘निम्मं करणारं’ कोणतं? आईवडिलांची गुणसूत्रं वेगळी करणारं पहिलं की दुसरं? आणि राहिलेल्या दुसऱ्याचं प्रयोजन काय? फ्लेमिंग यांनी १८८७ मध्ये सॅलमँडरच्या वृषणात दोन्ही विभाजनं पाहून पहिल्याला ‘हेटरोटाइप’, म्हणजे वेगळ्या तऱ्हेचं, आणि दुसऱ्याला ‘होमोटाइप’, म्हणजे नेहमीसारखं, अशी नावं दिली होती. आपल्या पाठ्यपुस्तकातली ती ‘सूत्री विभाजनासारखंच’ ही ओळ बहुधा या जुन्या नावाचीच सावली असावी. उलट बाजूचे म्हणत होते, की खरी वाटणी दुसऱ्यातच होते. एकानं नाकतोड्यात एक पाहावं, दुसऱ्यानं गोगलगायीत दुसरं पाहावं, असं वीस-पंचवीस वर्षं चाललं.

या भांडणात एक रत्न हाती लागलं. हेर्मान हेंकिंग यांनी १८९१ मध्ये एका लाल ढेकणाचे शुक्राणू कसे बनतात ते पाहिलं. आपल्याकडे कपाशीवर जो लाल ढेकूण पडतो त्याच्याच कुळातला हा युरोपातला कीटक. त्यांना दिसलं, की बाकीची सगळी गुणसूत्रं शिस्तीत वाटली जातात, पण दुसऱ्या विभाजनात एक तुकडा मागे रेंगाळतो, चिरला जात नाही आणि अख्खाच्या अख्खा एका बाजूला निघून जातो. त्यामुळे निम्म्या शुक्राणूंत बारा आणि निम्म्यांत अकरा. हे गुणसूत्र आहे की आणखी काही, याची खात्री नसल्यामुळे त्यांनी त्याला नुसतं एक अक्षर दिलं: एक्स. पुढे हेंकिंग मत्स्यव्यवसायाच्या कामाकडे वळले. त्यांनी सहज दिलेलं ते अक्षर आज जगातल्या प्रत्येक दहावीच्या पोराला माहीत आहे. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या एका भुंग्यात दाखवलं, की मादीत वीस मोठी गुणसूत्रं असतात आणि नरात एकोणीस मोठी व एक लहान. लहान गुणसूत्राचा शुक्राणू अंड्यात गेला की नर, मोठ्याचा गेला की मादी. त्याच सुमारास एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाकडे आले. मुलगा की मुलगी हे अंडं ठरवत नाही, शुक्राणू ठरवतो. शंभरहून अधिक वर्षं झाली या गोष्टीला. आपल्या घरांत अजूनही मुलगी झाली की सुनेकडेच पाहिलं जातं, हे इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्याच १९०५ साली या संपूर्ण प्रकाराला नाव मिळालं. इंग्लंडमधले फार्मर आणि मूर यांनी ‘कमी होणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडवलं. त्यांनी लिहिताना स्पेलिंगची चूक केली, ती नंतर दुरुस्त झाली. आपला मराठी शब्द अधिक स्पष्ट आहे, अर्ध म्हणजे अर्धं. पण दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात, संख्या कमी होते. दोन विभाजनं का, हे यातला कोणताच शब्द सांगत नाही.

त्याकडे बोट दाखवलं बेल्जियममधल्याच एका धर्मगुरूनं. फ्रान्स आल्फोन्स यान्सन्स हे लुव्हेन विद्यापीठात शिकवत. सॅलमँडर जातीच्या प्राण्याच्या पेशी पाहताना त्यांना दिसलं, की पहिल्या विभाजनाआधी जोडीतले धागे एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले असतात. १९०९ मध्ये त्यांनी मांडलं, की त्या फुलीच्या जागी धागे तुटून एकमेकांना जोडले जातात, तुकड्यांची अदलाबदल होते. आणि ही अदलाबदल चारांतल्या दोनच धाग्यांत होते. म्हणजे जुडीत आता एक धागा पूर्ण आईकडचा, एक पूर्ण वडिलांकडचा, आणि दोन मिश्र. चारही वेगळे! मग चार वेगळ्या धाग्यांना चार वेगळ्या पेशींत पोचवायचं असेल तर एकदा विभागून कसं चालेल? दोनदाच विभागावं लागणार. पन्नास वर्षांच्या प्रश्नाला पहिल्यांदा अर्थ असलेलं उत्तर मिळालं. त्यांचा पुरावा त्या वेळी कच्चा होता, अनेकांनी तो मानला नाही. पण न्यूयॉर्कमध्ये टॉमस हंट मॉर्गन यांना आपल्या फळमाश्यांच्या आकड्यांचा अर्थ लावायला नेमकं हेच हवं होतं.

मग पहिलं विभाजन निम्मं करतं की दुसरं, या वादाचं काय झालं? तो मिटवला एका बुरशीनं. न्यूरोस्पोरा ही पावावर येणारी नारिंगी बुरशी. तिची बीजं एका अरुंद पिशवीत तयार होतात, इतकी अरुंद की बीजांना एकमेकांना ओलांडून जाताच येत नाही. दोन विभाजनांतून चार, आणि नंतरच्या एका साध्या विभाजनातून आठ. ज्या क्रमानं विभाजन झालं त्याच क्रमानं आठही ओळीत उभी. कार्ल लिंडेग्रेन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही ओळ वाचली. एखाद्या गुणाची दोन रूपं कधी चार-चार अशी लागतात, तेव्हा ती पहिल्या विभाजनातच वेगळी झालेली असतात. कधी दोन-दोन-दोन-दोन अशी लागतात, तेव्हा मध्ये अदलाबदल झालेली असते आणि ती दुसऱ्या विभाजनात वेगळी होतात. जनुक गुणसूत्रबिंदूपासून जितकं लांब, तितकी दुसऱ्या विभाजनात वेगळं होण्याची शक्यता साधारणपणे जास्त. दोन्ही पक्ष बरोबर होते. एकाच पेशीत, एकाच गुणसूत्रावर, काही जनुकांची फारकत पहिल्यात होते आणि काहींची दुसऱ्यात. तेव्हा ‘दुसरं विभाजन साध्या सूत्री विभाजनासारखंच’ ही ओळ अर्धीच खरी आहे. हालचाल तशीच असते. पण साध्या विभाजनात वेगळे होणारे दोन धागे एकमेकांच्या हुबेहूब नकला असतात, इथे तसे नसतात.

यानंतरची काही दशकं आपण भराभर ओलांडू. एक प्रश्न मात्र उरतो, की पहिल्या विभाजनात क्रोमॅटिड चिकटून राहतात आणि दुसऱ्यात सुटतात, हे पेशीला कळतं कसं? धाग्यांना बांधून ठेवणारी प्रथिनांची कडी असते. पहिल्या विभाजनात ती बाकी सगळीकडे तोडली जाते, पण गुणसूत्रबिंदूपाशी तिचं रक्षण केलं जातं. हे रक्षण करणारं प्रथिन २००४ मध्ये टोकियोतल्या योशिनोरी वातानाबे यांच्या गटानं यीस्टमध्ये शोधलं आणि त्याला नाव दिलं ‘शुगोशिन’. जपानीत त्याचा अर्थ रक्षण करणारी देवता. कोकणात आणि गोव्यात आपण ज्याला राखणदार म्हणतो, अगदी तोच शब्द. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी हा राखणदार बाजूला होतो, उरलेली कडी तुटते आणि क्रोमॅटिड मोकळे होतात.

आता शेवटी माणसाच्या अंडपेशीकडे येऊ, कारण या सगळ्याची धग तिथे लागते. मुलगी जन्मण्याआधीच, आईच्या पोटात असतानाच, तिच्या अंडपेशींचं पहिलं विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं. ते थांबलेलंच राहतं. बारा वर्षं, वीस वर्षं, चाळीस वर्षं. एखाद्या महिन्यात एक अंडपेशी पिकते, पहिलं विभाजन पुरं करते, पहिला ध्रुवपिंड बाहेर टाकते आणि दुसऱ्याच्या मध्यावस्थेत पुन्हा थांबते. गुणसूत्रं मध्यावर रांगेत, तंतू ताणलेले, आणि सगळं स्तब्ध. १९७१ मध्ये मासुई आणि मार्कर्ट यांनी बेडकाच्या अशा थांबलेल्या अंड्यातलं थोडं द्रव्य दोन पेशींच्या गर्भातल्या एका पेशीत टोचलं. ती पेशी विभागता विभागता थांबली आणि शेजारची विभागत राहिली. म्हणजे थांबवणारं काहीतरी त्या द्रव्यातच आहे. शुक्राणू आत शिरला की कॅल्शियमची लाट उठते, तो ब्रेक सुटतो आणि दुसरं विभाजन पुरं होतं. शुक्राणू आलाच नाही तर होत नाही. बाईच्या बहुसंख्य अंडपेशी मायॉसिसचा शेवट न पाहताच संपतात.

आणि इतकी वर्षं ताटकळताना कड्या झिजतात. उंदरांवरच्या प्रयोगांतून असं दिसतं, की जन्माआधी बसवलेल्या या कड्या पुढे फारशा नव्यानं घातल्या जात नाहीत. गुणसूत्रं मग चुकीच्या वेळी सुटतात, किंवा दोन्ही एकाच बाजूला जातात. लायोनेल पेनरोज यांनी १९३० च्या दशकातच आकडेवारीनं दाखवलं होतं, की डाउन सिंड्रोमचा संबंध आईच्या वयाशी आहे, वडिलांच्या वयाशी नाही आणि मूल कितवं याच्याशीही नाही. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये या मुलांच्या पेशींत सत्तेचाळीस गुणसूत्रं सापडली. ते काम लजन यांच्या नावावर ओळखलं जातं, पण पेशी वाढवण्याचं अवघड काम मार्त गोतिए यांनी केलेलं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं. अशा मुलाच्या आईला घरात, दवाखान्यात, देवळात विचारलं जातं, की गरोदरपणात तू काय खाल्लंस, कुठे गेलीस, ग्रहण पाळलंस का. बहुतेक वेळा ती चूक गर्भ राहण्याआधीच, अंडपेशीच्या या दोन विभाजनांत झालेली असते, आणि त्यातलं पहिलं सुरू झालं तेव्हा ती आई स्वतः तिच्या आईच्या पोटात होती.

मुंबई-पुण्यातल्या आयव्हीएफ प्रयोगशाळांत आज काय करतात पाहा. बाहेर काढलेली अंडपेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की तंत्रज्ञ आधी तिच्या कडेला तो एक बारीक थेंब आहे का ते शोधतात. थेंब दिसला म्हणजे पहिलं विभाजन झालंय, अंडं तयार आहे. मग शुक्राणू आत सोडला जातो. रात्र जाते. सोळा-अठरा तासांनी पुन्हा पाहतात. अंड्याच्या आत दोन केंद्रकं शेजारी शेजारी असायला हवीत, आणि कडेला आता एकाऐवजी दोन थेंब. दुसरा थेंब दिसला की नोंदवहीत लिहितात, फलन झालं.